ॲमोनाइट

ॲमोनाइट : मॉलस्का (मृदुकाय प्राण्यांच्या) संघातील सेफॅलोपोडा (शीर्षपाद) वर्गाच्या ॲमोनॉयडिया या निर्वंश उपवर्गातील प्राण्यांना व त्यांच्या जीवाश्मांना (शिळारूप झालेल्या अवशेषांना) सामान्यपणे ॲमोनाइट म्हणतात. काटेकोर अर्थाने हे नाव या उपवर्गातील जुरासिक व क्रिटेशस कालखंडांतील (सु. २० कोटी ते ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या) गटास लावले जाते. हे सर्व प्राणी समुद्रात राहणारे होते. बहुतेकांचे कवच एकाच पातळीत चक्राप्रमाणे गुंडाळलेले व आतून अनेक कप्प्यांत विभागलेले असे. उपवर्गाचा उदय डेव्होनियन काळात, म्हणजे सु. ४१ कोटी वर्षांपूर्वी झाला आणि क्रिटेशस काळाच्या अखेरीस तो नामशेष झाला. खडकांचे वय ठरविण्याच्या कामी ॲमोनाइटांइतके उपयुक्त प्राणिजीवाश्म थोडेच आहेत.

महाराष्ट्राशी या प्राण्यांचा संबंध दोन प्रकारे येतो. अनेक घरांतील देवघरात पूजिला जाणारा चक्रांकित शाळिग्राम हा पुष्कळदा ॲमोनाइटाचा जीवाश्म वा त्याचा ठसा असतो. उलटपक्षी, राज्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे त्या दक्षिण ट्रॅपमध्ये ॲमोनाइट मुळीच आढळत नाहीत. मात्र हा पाषाण ज्या लाव्ह्यापासून बनला त्याच्या उद्रेकांचा काळ आणि ॲमोनाइटांच्या अंताचा काळ एकच आहे.

नावाची व्युत्पत्ती : ईजिप्शियन देव आमोन याची शिंगे मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे वळलेली दाखवीत. त्यांच्याशी असलेल्या साम्यावरून रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याने अशा दगडांना ‘आमोनचे शिंग’ म्हटले आहे. त्यावरूनच पुढे ॲमोनाइट हे नाव आले. इंग्लंडमधील व्हिटबी येथे हे जीवाश्म म्हणजे संत हिल्डा हिने शिळा करून टाकलेले साप होत, अशी समजूत होती व विक्रेते त्यांवर सापाचे डोके कोरीत. या कथेची आठवण हिल्डोसेरस या वंशनामात राहिली आहे. वंशनामांच्या शेवटी वारंवार येणारा ‘सेरस’ हा भाग शिंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला आहे. हे दगड म्हणजे एके काळी जिवंत असलेल्या व कदाचित आता नष्ट झालेल्या प्राण्यांचे अवशेष असावेत, असे मत रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडले होते. एखादा जीवप्रकार पृथ्वीवरून कायमचा नाहीसा होऊ शकतो, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती.

कवचाची रचना : कवच ॲरॅगोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटाच्या खनिजाचे बनलेले असे. त्याचे दोन भाग पडतात. सर्वांत बाहेरचा, तोंडाकडील भाग म्हणजे निवासकोष्ठ होय. प्राण्याचे मऊ शरीर याच भागात असे. त्यामागील सर्व वेढे आडव्या पडद्यांनी लहान लहान कोष्ठांत विभागलेले असत. प्राणी वाढू लागला म्हणजे तो पुढे सरके, मागे नवा पडदा तयार करी आणि मागील जागा बंद कोष्ठ बनून राही. अशा रीतीने सर्वांत आतील कोष्ठ प्राण्याच्या बालपणाचे व सर्वांत बाहेरचे कोष्ठ त्याच्या प्रौढपणाचे असते. म्हणजे एकाच कवचात त्या प्राण्याच्या वाढीचा सगळा वृत्तांत साठविलेला असतो.

सर्व पडद्यांना छेदून एक बारीक नलिका कवचाच्या टोकापर्यंत गेलेली असे. आज जिवंत असलेल्या नॉटिलस या प्राण्यात अशीच नलिका असते व तिच्या साहाय्याने तो नव्या कोष्ठातील द्रव शोषून घेतो. द्रवाच्या जागी वायू आल्यामुळे कवच हलके होते आणि प्राण्याला पाण्यात तरंगता येते. ॲमोनाइटही याच रीतीने तरंगत असावेत. मात्र नॉटिलसामध्ये नलिका पडद्याच्या मध्याजवळून जाते, तर बहुतेक ॲमोनाइटांमध्ये ती कवचाच्या बाहेरच्या कडेलगत असे. दोहोंतील हा एक ठळक फरक होय.

कवचाचा पृष्ठभाग गुळगुळीत असे किंवा त्यावर कंगोरे, गाठी, काटे किंवा कडेने गेलेला कणा असे. काही वंशांत आतील वेढे बाहेरच्या वेढ्याखाली जवळजवळ झाकलेले असतात, तर काहींत ते गुंडाळलेल्या दोराप्रमाणे सगळे उघडे दिसतात. आकारमानात फार तफावत आढळते. कित्येक जाती प्रौढपणीही अवघ्या दोनतीन सेंमी. व्यासाच्या असत. याउलट जर्मनीतील झेपेनराडे येथे १८९५ मध्ये मिळालेल्या पॅराप्यूझोसिया या वंशाच्या नमुन्याचा व्यास, कवच अपुरे असूनही, सु. १·७४ मी. भरला. क्रिटेशस काळात चक्राकार ठेवण सोडलेले प्रकारही पुष्कळ झाले. बॅक्युलाइटीज याचे कवच सरळ काठीसारखे, टरिलाइटीज याचे मळसूत्रासारखे, तर जपानमधील निप्पोनाइटीज याचे दोराच्या गुंत्यासारखे असे. अशा कवचांना पूर्वी वंशाच्या ऱ्हासाची खूण मानीत. परंतु हे प्रकार कोट्यवधी वर्षे टिकून राहिले व दूरवर पसरले, त्यामुळे ते मत आता मागे पडले आहे.

शिवण व वर्गीकरण : पडदा कवचाच्या भिंतीला ज्या रेषेत जोडलेला असतो त्या रेषेस शिवण म्हणतात. कवचाचा बाहेरचा थर निघून गेलेल्या जीवाश्मावर या शिवणी स्पष्ट दिसतात. शिवणीची पुढे आलेली वळणे ही खोगिरे व मागे गेलेली वळणे ही पाळ्या होत. शिवणीवरून ॲमोनॉयडियांचे तीन मुख्य नमुने ओळखले जातात. गोनियाटाइट नमुन्यात वळणे साधी व कोनदार असतात. तो मुख्यतः डेव्होनियन ते पर्मियन काळांत आढळतो. सेराटाइट नमुन्यात खोगिरे गोल व पाळ्या दातेरी असतात. तो ट्रायासिक काळात विशेष आढळतो. ॲमोनाइट नमुन्यात खोगिरे व पाळ्या दोन्हींना पुन्हापुन्हा फाटे फुटून शिवण एखाद्या नेच्याच्या पानासारखी नक्षीदार दिसते. जुरासिक व क्रिटेशस काळांत याच नमुन्याचे प्राबल्य होते.

इतक्या गुंतागुंतीच्या शिवणीचे प्रयोजन काय, यावर एकमत नाही. पाण्याच्या दाबापुढे कवचास बळकटी यावी यासाठी ती असावी, असे एक मत आहे. कोष्ठांतील द्रव धरून ठेवण्यास वा हलविण्यास तिचा उपयोग होत असावा, असे दुसरे मत आहे. वर्गीकरणात मात्र तिचे महत्त्व वादातीत आहे. कवचाचा बाह्य आकार निरनिराळ्या वंशांत पुन्हापुन्हा सारखा होतो, तर शिवणीवरून खरे नाते बऱ्याच अंशी उलगडते.

शरीर व राहणी : ॲमोनाइटांच्या मऊ शरीराविषयी थेट पुरावा फार थोडा आहे. जबड्यांचे भाग, दंतपट्टिका आणि क्वचित शरीराचे ठसे मिळाले आहेत. यांवरून हे प्राणी वरवर नॉटिलसासारखे दिसले, तरी नात्याने माखली, नळ व ऑक्टोपस यांना अधिक जवळचे होते, असे मानले जाते. ते पाण्याचा झोत मागे सोडून पोहत असावेत. दंतपट्टिकेच्या ठेवणीवरून अनेक जाती पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर जगत असाव्यात, असे दिसते. एकाच ठिकाणी, एकाच थरात मोठी व लहान अशी दोन प्रकारची, पण आतील वेढ्यांत अगदी सारखी असणारी कवचे वारंवार मिळतात. मोठी कवचे माद्यांची व लहान नरांची असावीत, असा यावरून तर्क आहे.

अंड्यातून बाहेर येताना पिलाचे कवच साधारणतः एक मिमी. एवढेच असे. अशी पिले समुद्राच्या वरच्या थरात प्लवकांबरोबर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांबरोबर) वाहत जात. त्यामुळे अनेक जाती थोड्या काळात दूरदूरच्या समुद्रांत पसरल्या. हीच सवय पुढे त्यांच्या नाशास कारणीभूत झाली असावी.

सूचक जीवाश्म म्हणून महत्त्व : ज्या जीवाश्मावरून थराचे वय सांगता येते त्यास सूचक जीवाश्म म्हणतात. त्यासाठी प्राणी विपुल असावा लागतो, तो दूरवर पसरलेला असावा लागतो, सहज ओळखू यावा लागतो आणि त्याच्या जाती लवकर बदलणाऱ्या असाव्या लागतात. या चारही अटी ॲमोनाइट उत्तम प्रकारे पुऱ्या करतात. जर्मन पुराजीववैज्ञानिक आल्बेर्ट ओपेल यांनी १८५६–५८ या काळात जुरासिक खडकांची विभागणी मुख्यतः ॲमोनाइटांवरून सूक्ष्म विभागांत केली. आज मान्य असलेल्या अशा विभागांपैकी बहुतेकांचा अवधी सरासरी दहा लाख वर्षांहूनही कमी आहे. कित्येक कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांच्या बाबतीत एवढी अचूकता इतर साधनांनी क्वचितच मिळते. शिवाय कवचातील ऑक्सिजनाच्या समस्थानिकांवरून तत्कालीन समुद्राच्या तापमानाचाही अंदाज करता येतो.

भारतातील ॲमोनाइट : भारतातील ॲमोनाइट मुख्यतः हिमालय, कच्छ, तमिळनाडूतील अरियलूरचा परिसर आणि नर्मदेचे खोरे या चार क्षेत्रांतून मिळतात. त्यांच्या अभ्यासाचा पाया प्रामुख्याने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (स्थापना १८५१) या संस्थेच्या कामातून घातला गेला.

(१) हिमालय : हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात काळ्या शेल खडकाचा एक शैलसमूह आहे. फेर्डिनांट स्टोलिक्झ्का (१८३८–७४) या भूवैज्ञानिकांनी १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले व त्यास स्पिती शेल हे नाव रूढ झाले. तो मुख्यतः उत्तर जुरासिक काळातील असून नेपाळमधून पुढे पूर्वेकडेही गेलेला आहे. त्यातील ॲमोनाइटांचे विस्तृत वर्णन फिक्टर ऊलिख यांनी १९०३ ते १९१० या काळात प्रसिद्ध केले. ब्लॅनफोर्डिसेरस हा या शैलसमूहाच्या वरच्या भागातील ठळक वंश असून तो ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाच्या नावावरून ओळखला जातो. त्याचे वेढे बरेचसे उघडे असतात; जोरकस कंगोरे आतून निघून बाहेरच्या बाजूस दुभंगतात व कडेच्या मध्यावर ते तुटून तेथे खोबणीसारखा पट्टा दिसतो. हिमालयाखेरीज हा वंश मादागास्कर व अंटार्क्टिका येथेही आढळतो. आज एकमेकांपासून इतके दूर असलेले हे प्रदेश त्या वेळी गोंडवनभूमी या एकाच प्राचीन भूखंडाच्या किनाऱ्यांवर होते, या निष्कर्षाला यामुळे पुष्टी मिळते. भारत व आशिया यांच्या दरम्यानच्या टेथिस समुद्राच्या तळावर साचलेला हा गाळ, दोन्ही भूखंडांची टक्कर होऊन, समुद्रसपाटीपासून चार हजार मी. व त्याहून अधिक उंचीवर उचलला गेला आहे.

(२) कच्छ : येथील जुरासिक थर ॲमोनाइटांच्या विपुलतेमुळे जगप्रसिद्ध आहेत. झुरा, जुमारा, कीरा इ. घुमटाकार टेकड्यांत ते उघडे पडलेले आहेत. कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट यांनी गोळा केलेल्या नमुन्यांचे वर्णन १८४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर विल्हेल्म वागेन (१८७३–७५) व एल्. एफ्. स्पाथ (१९२७–३३) यांचे प्रबंध प्रसिद्ध झाले. मॅक्रोसेफॅलाइटीज, राइनेकिया व पेरिस्फिंक्टीज ही येथील काही ठळक वंशनामे होत. धोसा ऊलाइट या पातळ थरात तर ॲमोनाइट दाटीने भरलेले आढळतात.

(३) अरियलूर परिसर : तमिळनाडूतील अरियलूर व पेरांबलूर या जिल्ह्यांत क्रिटेशस काळातील सागरी थरांची सलग मालिका आहे. उटाटूर, तिरुचिरापल्ली व अरियलूर हे तिचे खालून वर येणारे तीन गट होत. एडवर्ड फोर्ब्झ यांनी १८४६ मध्ये दक्षिण भारतातील या जीवाश्मांचे वर्णन केले. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी क्षेत्राचे सर्वेक्षण केले. स्टोलिक्झ्का यांनी १८६३–६६ मध्ये ॲमोनाइटांवर मोठा प्रबंध लिहिला आणि फ्रान्झ कॉसमाट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात भर घातली. कॉसमॅटिसेरस व स्टोलिक्झ्काया ही वंशनामे यांच्याच स्मरणार्थ दिलेली आहेत. स्टोलिक्झ्का १८७४ मध्ये यार्कंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये मृत्यू पावले. त्यांची समाधी लेह येथे आहे.

(४) नर्मदेचे खोरे : मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातील बाघ व आसपासच्या भागात सु. ९ कोटी वर्षांपूर्वीचे सागरी चुनखडक आहेत. समुद्राचा एक फाटा त्या काळी पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. प्लासेंटिसेरस हा चपट्या, चाकासारख्या कवचाचा वंश येथे आढळतो. महाराष्ट्राच्या सीमेस जवळ असलेले हे ॲमोनाइटांचे क्षेत्र होय. बाघचे थर दक्षिण ट्रॅपच्या खाली आहेत, म्हणजे ते लाव्ह्याच्या आधीचे आहेत.

शाळिग्राम : स्पिती शेलमध्ये कठीण गोलसर गाठी असतात. गाळात पुरलेल्या कवचाभोवती खनिजद्रव्य साचून त्या बनल्या. नेपाळात मुक्तिनाथच्या (उंची सु. ३,७०० मी.) परिसरातून वाहणारी काळी गंडकी या गाठी सोडवून घेते व घासूनपुसून गुळगुळीत करते. गाठ फुटली किंवा तिला छिद्र पडले, की आत कवचाचे वेढे चक्राप्रमाणे दिसतात. काही वेळा कवचाच्या जागी पायराइट हे सोनेरी चकाकीचे खनिज आलेले असते. हेच शाळिग्राम होत. शाळिग्राम म्हणून पूजिला जाणारा प्रत्येक दगड ॲमोनाइटच असतो असे मात्र नाही. चक्र नसलेले काळे गुळगुळीत गोटेही त्या नावाने पूजिले जातात.

शाळिग्राम हे विष्णूचे स्वयंभू रूप मानतात. त्यामुळे त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही व त्यावर कोरीवकामही करीत नाहीत. महाराष्ट्रात रूढ असलेल्या पंचायतनपूजेत नर्मदेतील बाण शिवाचा, स्फटिक सूर्याचा व शोण नदीतील तांबडा दगड गणपतीचा, तसा गंडकीतील शाळिग्राम विष्णूचा मानला जातो. चक्रांची संख्या, रंग व मुखाची ठेवण यांवरून शाळिग्रामांचे केशव, नारायण, दामोदर, नरसिंह इ. भेद सांगितले आहेत. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून आत चक्रे निर्माण करतो, अशी परंपरागत कथा आहे. चक्र हे पाण्याच्या झिजेने नव्हे, तर एखाद्या जिवाने निर्माण झाले असले पाहिजे, हे निरीक्षण त्या कथेत आहे आणि ते बरोबर आहे. फरक एवढाच, की प्राण्याने दगड पोखरलेला नाही. प्राण्याच्या कवचाचाच दगड झालेला आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्राच्या सु. चार-पंचमांश क्षेत्रावर दक्षिण ट्रॅपचे बेसाल्टी लाव्हाथर आहेत. सोलापूर जिल्ह्यातील माढा हे याचे नमुनेदार उदाहरण होय. भीमा व सीना या नद्यांमधील या तालुक्यात काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण असाच क्रम विहिरींतून दिसतो. भीमेवरील उजनी धरण (पूर्ण १९८०) याच तालुक्यात व याच पाषाणावर उभे आहे. लाव्हारस वाहून थिजला, त्यामुळे त्यात सागरी प्राण्यांचे अवशेष असण्याचा संभव नाही. विहिरी खणताना सापडणाऱ्या चमकदार गारगोट्या या लाव्ह्यातील वायूच्या पोकळ्यांत नंतर वाढलेली स्फटिकरूप खनिजे होत. नदीकाठच्या गाळात मिळणारे गोगलगाईंचे शंखही ॲमोनाइट नव्हेत. ते गोड्या पाण्यातील व भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडचे असतात. शंख फोडून पाहिल्यास फरक लगेच कळतो. गोगलगाईचा शंख आतून सलग पोकळ असतो, तर ॲमोनाइटाच्या कवचात पडदे असतात. त्यामुळे माढ्यातील एखाद्या देवघरात चक्रांकित शाळिग्राम असेल, तर तो स्थानिक खडकातून आलेला नसून हिमालयातून आणलेला असतो.

लाव्हाथरांच्या खाली सागरी खडक दडलेले असू शकतील काय, हा प्रश्न साहजिक आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे घेतलेल्या वेधनात लाव्हाथर सु. ३३८ मी. जाडीचे भरले, त्यांखाली सु. ८ मी. गाळाचा थर व त्याखाली लगेच अतिप्राचीन स्फटिकमय खडक लागला. कोयना परिसरातील खोल वेधनांत तर सु. ९३० मी. लाव्हाथरांखाली मध्ये कोणताही गाळाचा खडक न लागता थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. माढा या दोन ठिकाणांच्या दरम्यान असल्याने येथेही लाव्ह्यापूर्वी समुद्र नसून जमीनच असावी, असा निष्कर्ष निघतो.

लाव्ह्याच्या दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात तळी निर्माण होत व त्यांत गाळ साचे. या आंतर-ट्रॅप थरांतील जीवाश्म याच निष्कर्षास दुजोरा देतात. स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरजवळील टाकळी येथे गोड्या पाण्यातील गोगलगाई व वनस्पती यांचे जीवाश्म गोळा केले. मुंबईतील वरळीच्या थरांत लहान बेडकांचे सांगाडे मिळाले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लाव्ह्याखालील थरांत डायनोसॉरांच्या अस्थी सापडतात. हे सर्व प्राणी जमिनीवरील किंवा गोड्या पाण्यातील आहेत. [→ दक्षिण ट्रॅप].

विलोप : ॲमोनॉयडियांवर याआधीही मोठी संकटे आली होती. पर्मियन काळाच्या अखेरीस (सु. २५ कोटी वर्षांपूर्वी) व ट्रायासिक काळाच्या अखेरीस (सु. २० कोटी वर्षांपूर्वी) त्यांचे थोडेच वंश उरले, दोन्ही वेळी त्यांतूनच नवे असंख्य प्रकार निर्माण झाले. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या संकटातून मात्र हा उपवर्ग सावरला नाही. डेन्मार्क येथील पुराव्यावरून काही थोड्या जाती या सीमेनंतरही अल्पकाळ तगून राहिल्या असाव्यात, असे काही संशोधक मानतात. परंतु त्यांच्यापासून पुढे वंश वाढला नाही.

या विलोपाच्या कारणांत दोन घटना पुढे येतात. पहिली म्हणजे मोठ्या अशनीचा आघात. लुई व वॉल्टर ॲल्व्हारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये, क्रिटेशसच्या शेवटच्या सीमेवरील मृत्तिकेत इरिडियम हे पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ असलेले मूलद्रव्य अनपेक्षित प्रमाणात असल्याचे दाखविले. पुढे मेक्सिकोतील यूकातान द्वीपकल्पात चिकशुलूब येथे या आघाताचे, सु. १८० किमी. व्यासाचे, गाडले गेलेले विवर ओळखण्यात आले. दुसरी घटना म्हणजे दक्षिण ट्रॅपचे उद्रेक. नव्या वयमापनांनुसार या लाव्ह्याचा बहुतांश भाग सीमेच्या दोन्ही बाजूंस मिळून दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला. त्याबरोबर सल्फर डाय-ऑक्साइड व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू प्रचंड प्रमाणात वातावरणात मिसळले. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळ या लाव्हाथरांच्या मध्ये सागरी गाळ साचलेला आहे. त्यातील सूक्ष्म सागरी प्राण्यांच्या कवचांवरून उद्रेकांचा काळ सागरी जीवसृष्टीतील बदलांशी थेट ताडून पाहता आला. माढा व सोलापूरच्या परिसरातील लाव्हाथर सामान्यपणे ट्रॅपच्या वरच्या, वाई या उपगटात गणले जातात. म्हणजे येथील विहिरींत दिसणारा पाषाण ॲमोनाइटांच्या अखेरच्या काळाच्या आगेमागे थिजलेला आहे.

या दोहोंपैकी प्रमुख कारण कोणते, याविषयी मतभेद आहेत. सीमेवरील अचानक संहाराचे मुख्य कारण आघात होय, असे बहुसंख्य संशोधकांचे मत आहे. उद्रेकांमुळे त्यापूर्वीच हवामानात व समुद्राच्या तापमानात चढउतार झाले होते, हेही आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. लाव्ह्याचा कोणता भाग सीमेपूर्वी व कोणता नंतर बाहेर पडला, यावर वादाचा निकाल बराचसा अवलंबून आहे. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील घाटांच्या कड्यांत व विहिरींच्या पाषाणात शोधले जात आहे.

ॲमोनाइट नष्ट झाले आणि त्यांच्यासारखेच कवच असलेले नॉटिलसाचे पूर्वज वाचले, याचा उलगडा दोघांच्या बाल्यावस्थेवरून होतो. ॲमोनाइटांची सूक्ष्म पिले समुद्राच्या वरच्या थरात राहत व प्लवकांवर अवलंबून असत. सूर्यप्रकाश अडून व वरचे पाणी आम्लधर्मी होऊन प्लवकसृष्टी कोलमडली, तेव्हा त्यांची एक पिढीच उपासमारीने खुंटली असावी. नॉटिलसाची अंडी थोडी पण मोठी असतात, त्यांतून सु. अडीच ते तीन सेंमी. व्यासाचे पिलू बाहेर येते व प्रौढ प्राणी खोल पाण्यात मृत मांसावरही जगतो. सुकाळात ज्या सवयीने ॲमोनाइट सर्व समुद्रांत पसरले, तीच आपत्तीत घातक ठरली.

जतन : जीवाश्माचे शास्त्रीय मूल्य तो कोणत्या थरात, कोणत्या जागी व कोणत्या सोबत्यांसह सापडला यावर अवलंबून असते. जागेवरून उचललेला व नोंद नसलेला ॲमोनाइट शोभेची वस्तू होऊ शकतो, परंतु त्यावरून खडकाचे वय सांगता येत नाही. अरियलूरच्या क्षेत्रात सिमेंटसाठी चुनखडकाच्या मोठ्या खाणी आहेत. त्यांमुळे नवे थर उघडे पडतात, तसेच ते नाहीसेही होतात. जीवाश्मांच्या विक्रीमुळेही अनेक ठिकाणे रिकामी होत आहेत. एकदा नष्ट झालेले असे क्षेत्र पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून क्षेत्रभेटीस जाणाऱ्यांनी नमुना उचलण्यापूर्वी त्याची जागा, थर व छायाचित्र यांची नोंद करावी व शक्य तेथे तो जागीच राहू द्यावा. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या शाळिग्रामांची मूळ जागा आता सांगता येत नाही. तरी त्यावरील कंगोरे व वेढ्यांची ठेवण तपासून त्याचा वंश पुष्कळदा ओळखता येतो. [→ जीवाश्म].